टाकीवाल्याचं इथं कोणी नाही

त्या उन्हाळ्यात नर्सरीतली कलमं मरायला लागली आणि मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या दिवशी चार ट्रे गेले, तेव्हा त्याने कापायच्या पात्यांना दोष दिला. दुसऱ्या दिवशी अकरा गेले. तोवर पाती बदलून झाली होती, म्हणून त्याने कलमं बांधणाऱ्या बायकांना दोष दिला. आठवड्याने दमट खोलीचं दार उघडलं की कुजका वास अंगावर यायला लागला, आणि दोष द्यायला कुणी उरलं नाही. वांग्याच्या रोपाचा खुंट कापायचा, त्यावर टोमॅटोचा शेंडा बसवायचा, सांध्याला चिमटी लावायची आणि सहा दिवस अंधारात, ओल्या हवेत ठेवायचं, एवढंच तर काम. चाळीस बायका वर्षानुवर्षं हेच करत होत्या. आता सहाव्या दिवशी चिमटी काढली की शेंडा अलगद हातात येत होता.

मालकीण साठीची होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून सकाळी सहाला शेडमध्ये हजर. ती ओरडत नसे. मेलेला ट्रे उचलायची, मुकादमाच्या हातात द्यायची आणि पुढे जायची. त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं. मोठ्या बागायतदारांची रोपं महिन्याभरात पोचवायची होती, आणि नाही पोचली तर पहिली कुऱ्हाड कुणावर पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मेलेले ट्रे शेडच्या मागे टाकीवर जात. तिथे टाकीवाला ते आपटून रिकामे करी, औषधाच्या पाण्यात बुडवी, ब्रशने घासून उन्हात उभे करून ठेवी. पंचावन्न-छप्पन्नचा माणूस, खांद्यात वाकलेला, कमरेला रबरी एप्रन. त्याला इथली भाषा येत नव्हती. बायका त्याला टाकीवाला म्हणत, मालकीण काहीच म्हणत नसे आणि मुकादम चारचौघांत 'ए टाकीवाल्या' अशी हाक मारी. तो मुकादमाचा सख्खा थोरला भाऊ होता.

हे नर्सरीत कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे, मुकादमाने होऊ दिलं नव्हतं. त्याच्या आधीच्या मुकादमाने मेहुणे, साडू, चुलते, सगळं गणगोत कामावर भरलं होतं, आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून मालकिणीला टोपी घातली होती. तेव्हापासून नियम झाला, की मुकादमाचा नातेवाईक त्याच्या हाताखाली नको. दोन वर्षांपूर्वी दादा आला तेव्हा त्याचा फॉर्म मुकादमानेच भरला. 'इथे कोणी नातेवाईक आहे का' या ओळीपुढे त्याने 'नाही' लिहिलं आणि सही करायला कागद दादापुढे सरकवला. आडनाव एकच कसं, असं कारकुनाने विचारलं, तर म्हणाला, "आमच्या गावात अर्ध्या लोकांचं आडनाव हेच आहे. दगड मारला तरी आमच्याच आडनावाला लागतो." कारकून हसला. खोटं बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही, निभवायला मात्र दोन वर्षं चालली होती.

फॉर्मवर काय लिहिलंय हे त्याने दादाला नंतर, खोल्यांकडे जाताना वाटेत सांगितलं. दादा चालता चालता थांबला. बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," तो म्हणाला. "किती दिवस?"

"मी पक्का होईपर्यंत. सहा महिने फार तर. मग आपणच सांगून टाकू."

"मग मी तुला काय हाक मारायची?"

"सगळे मुकादम म्हणतात."

"मुकादमसाहेब," दादा म्हणाला आणि हसला. "शेंबूड पुसलाय मी तुझा, साहेब."

मुकादम पक्का झाला त्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं होतं.

आणि दादा तरी कोण होता? गावाकडे त्याला लोक कलमवाले म्हणत. पाच कोसांवरून माणसं बोलावणं घेऊन येत, आणि दादाने बांधलेलं कलम धरलं नाही असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. तो बागेत शिरला की मालक स्वतः उठून खुर्ची पुढे करीत. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. दादाने त्याला वाढवलं, शिकवलं, पाती कशी धरायची तेही त्यानेच शिकवलं. मग विहिरी आटल्या, लोकांनी बागा तोडून जमिनी विकल्या, आणि कलमवाल्याला कुणी बोलावीना. तेव्हा धाकट्यानेच फोन केला होता, "ये इकडे. इथे कलमांचंच काम आहे." त्यात खोटं काही नव्हतं. फक्त कलमांच्या टेबलावर तरुण बोटांच्या, इथली भाषा समजणाऱ्या बायकाच घ्यायच्या अशी पद्धत होती. जागा रिकामी होती ती टाकीवर.

कलमं मरायला लागून दहा दिवस झाले तेव्हाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत मुकादम टाकीमागून जात होता. दादाने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला हळूच खूण केली.

"दादा, आत्ता वेळ नाही मला."

"वेळ नको देऊस. नुसतं बघ." दादाने ओल्या मातीतून एक मेलेलं रोप काढून त्याच्यापुढे धरलं. "हा खुंटाचा काप बघ. बुळबुळीत लागतोय ना? आणि शेंडा किती वर सरकलाय? त्याला कुणी ओढलं नाही. खुंटानेच ढकललाय. खुंट रडलाय हा."

"म्हणजे?"

"पाणी कधी देता खुंटांना?"

"पहाटे. ऊन फार आहे म्हणून मीच सांगितलंय, भरपूर द्या म्हणून."

दादाने रोप खाली ठेवलं. एप्रनला हात पुसत राहिला. मुकादमाने वाकून तोच काप बोटाने चाचपला. भरल्या पोटाचा खुंट कापला की कापातून पाणी वर येतं आणि शेंडा उचलून टाकतं, हे त्याला बाराव्या वर्षी शिकवलेलं होतं. आत्ता समोर उभ्या असलेल्या माणसानेच शिकवलेलं होतं.

"कलम बांधायच्या आदल्या दुपारपासून पाणी तोड," दादा म्हणाला. "कलम बांधून झालं की ट्रेच्या खालून दे. जा आता, कुणी बघेल."

मुकादमाने पाणी तोडलं. सहा दिवसांनी दमट खोलीचं दार उघडलं तर शंभरातली चौऱ्याण्णव कलमं उभी होती. पुढच्या खेपेला सत्त्याण्णव. तज्ज्ञ म्हणून शहरातून बोलावलेला माणूस तोवर पात्यांचे फोटो काढून परत गेला होता.

मालकिणीने शनिवारी काम संपायच्या आधी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. चाळीस बायका, ड्रायव्हर, पाणी देणारे पाइपवाले आणि मागे, दाराशी, ओल्या एप्रनमध्ये टाकीवाला. ती मोजकं बोलणारी बाई, पण त्या दिवशी खुलली होती. मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तज्ज्ञाला जे कळलं नाही ते या माणसाने ओळखलं. याला डोळे आहेत. सगळ्यांनी याच्याकडून शिका." मग तिने दाराकडे बघितलं. "त्या मागच्याला समजलं नसेल. त्याला त्याच्या भाषेत सांग."

शेडमधली चाळीस तोंडं दाराकडे वळली. मुकादमाने घसा खाकरला. पाण्याची चूक आपली होती, आणि ती ओळखली त्या माणसाने, एवढं म्हणायला दहा शब्दही लागले नसते. त्याच्या जिभेवर ते आलेही असावेत.

"मालकीणबाई म्हणताहेत," तो म्हणाला, "की मुकादमाने रोग ओळखला. सगळ्यांनी त्याच्याकडून शिकावं."

दादाने मान डोलावली. "खरंय," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी त्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. औषधाच्या पाण्याने त्याच्या तळहाताची कातडी सोलवटली होती, त्यामुळे टाळी नीट वाजत नव्हती.

बक्षीस म्हणून मुकादमाला फाटकाजवळचं घर मिळालं. दोन खोल्या, वेगळं न्हाणीघर, पुढे चार कुंड्या ठेवण्याएवढी पायरी. त्याची बायको पहिल्या दिवशी नुसती नळ सोडून बघत बसली. आतापर्यंत सहा घरांत मिळून एक नळ होता. दादा अजून मागच्या लांबट खोलीत राही, आठ माणसांत एक, दुमजली लोखंडी खाटेवर वरच्या बाजूला.

"भाऊजींना जेवायला बोलवा," बायको म्हणाली. "नव्या घरात पहिलं ताट त्यांचं."

"कुणी बघितलं तर?"

"बघू दे की. आता तर पक्के झालात. बाई तुमच्यावर खूश आहेत. आता कुणाची भीती?"

प्रश्न सरळ होता. पण मुकादमाचं उत्तर बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. हल्ली दुपारचा चहा तो कारकुनाबरोबर आणि वजनकाट्यावरच्या माणसाबरोबर घेत असे. ते दोघं टाकीवाल्याच्या चालीची नक्कल करत, पाय फाकवून, एप्रन सावरत, आणि मुकादम हसत असे. खरं हसू यायचं नाही, पण हसत असे. आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की तो माझा दादा आहे?

सुट्टीच्या दिवशी दादा जेवायला आला, मागच्या दाराने. हातात पाना होता. कुणी विचारलं तर नळ दुरुस्त करायला आलो असं सांगायला. दाराशीच त्याने चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"भाऊजी, वर बसा ना. खुर्ची आहे."

"इथं बरं आहे, बाई."

मुकादमाच्या बायकोच्या हातातला तांब्या तसाच राहिला. लग्न होऊन आली त्या दिवसापासून दादा तिला 'पोरी' म्हणत आला होता. तिचं माहेरपण त्याने केलं होतं. नवरा एकटाच इकडे होता त्या चार वर्षांत तिच्या आजारपणात रात्रंदिवस धावला होता तो दादाच. कामावरचे लोक तिला बाई म्हणत, ते वेगळं.

"थट्टा करताय का, भाऊजी?" ती म्हणाली.

दादा गोंधळला. मग कसनुसं हसला. "सवय लागली गं जिभेला," असं काहीतरी पुटपुटला. जेवताना मुकादम भाजी वाढायला उठला तर तो ताटावरून उठून उभाच राहिला. खाली बस म्हटल्यावर बसला. निम्मं जेवण ताटात तसंच राहिलं. जाताना स्वतःचं ताट, वाटी घासून, पालथं घालून गेला.

दार लागल्यावर बायको भडकली. "तुम्ही आत्ताच्या आत्ता मालकिणीकडे जा. मी येते बरोबर. तुम्हाला जमत नसेल तर मी बोलते."

"जरा थांब. हंगाम संपू दे."

"त्यांच्या डोळ्यांत बघितलंत का तुम्ही?"

मुकादमाने बघितलं नव्हतं. बरेच दिवस तो दादाच्या डोळ्यांत बघायचं टाळत होता, त्यामुळे तिथे काय चाललंय हे त्याला सगळ्यांत शेवटी कळणार होतं.

हंगाम जोरात आला. रिकामे ट्रे वेळेवर मिळेनात. टेबलावर बायका हातावर हात ठेवून बसून राहायला लागल्या आणि मालकिणीने विचारलं, टाकीवर काय अडलंय? मुकादम तिच्याबरोबर मागे गेला. दादा ट्रे घासत होता. घासलेल्या ट्रेची चळत डावीकडे होती. तो त्यातलाच एक उचलत होता, पुन्हा बुडवत होता, पुन्हा घासत होता आणि उजवीकडे ठेवत होता. डावीकडचे संपले की उजवीकडचे परत डावीकडे.

"हे काय चाललंय?" मालकिणीने विचारलं.

मुकादमाने चटकन आजूबाजूला बघितलं. दोन बायका दाराशी आल्या होत्या, वजनकाट्यावरचा माणूस आला होता. मग तो दादाच्या भाषेत ओरडला. एरवी पाइपवाल्यांवर ओरडायचा तसाच ओरडला. "डोळे फुटलेत का? धुतलेलं काय धुतोस? पन्नास माणसं खोळंबलीत तुझ्यापायी! खायला काळ आणि भुईला भार नुसता!"

दादा अटेंशनमध्ये उभा राहिला. हात एप्रनला चिकटलेले, नजर खाली. "चुकलं साहेब," तो म्हणाला.

पहिल्या वर्षी असाच एकदा मुकादम त्याच्यावर ओरडला होता, तेव्हा एकांतात गाठून दादानेच त्याची पाठ थोपटली होती. "झकास ओरडलास. अगदी वडिलांसारखा. त्यांचीही शीर अशीच फुगायची." दोघं पोट धरून हसले होते. त्या आठवणीच्या आधारावर मुकादम संध्याकाळच्या आत पुन्हा टाकीवर गेला. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"दादा, मनाला लावून घेऊ नकोस रे. मालकीण होती म्हणून."

"नाही साहेब."

"अरे, कुणी नाहीये इथं. मी आहे."

"हो साहेब."

दादाचा आवाज चेष्टेचा नव्हता. रागाचा असता तरी चाललं असतं. तो एखाद्या कामगाराचा आवाज होता, काम सुटू नये एवढीच काळजी असलेल्या. दादाचा हात धरायला मुकादम पुढे झाला, तर दादाने घाबरून हात मागे घेतला, आणि मग ब्रश उचलून कामाला लागला. मुकादम तिथून निघाला. खरं तर पळालाच.

त्याने गावी वहिनीला फोन केला. इथे त्यालाच मुकादम म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. वहिनी म्हणाली, "महिना झाला, ते फोन उचलत नाहीत. उचलला तर म्हणतात, मुकादमसाहेब चांगले आहेत, त्यांची मेहरबानी आहे. कोण हे मुकादमसाहेब, भाऊजी? फार कडक आहेत का? तुम्ही जरा त्यांच्याशी बोलून बघा ना." मुकादमाने बघतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होता?

दादाच्या खालच्या खाटेवर एक जुना गवंडी राहत असे, त्याला दादाची भाषा थोडीफार येई. आता तोही नर्सरीत माती कालवायचा. एकदा त्यानेच मुकादमाला रस्त्यात थांबवलं. "साहेब, तो तुमच्या गावचा आहे म्हणून सांगतो. टाकीवाला झोपत नाही. खाटेच्या काठावर बसून असतो आणि बोटं अशी चोळतो. परवा म्हणत होता, माझा एक धाकटा भाऊ होता, फार गुणी. मी म्हटलं, कुठे असतो? तर म्हणाला, गेला."

"गेला म्हणजे?"

"तेच मी विचारलं. तर नुसता बघत राहिला. साहेब, माणूस काठावर आहे बरं का. मी पडझडीला आलेल्या भिंती बघितल्यात, मला कळतं."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मुकादम दादाला शोधायला निघाला. आज काही झालं तरी बोलायचंच, असं ठरवून. पण असं त्याने आधीही चारपाचदा ठरवलं होतं. खोलीत दादा नव्हता. टाकीवर होता. नर्सरी बंद, ट्रे सगळे शेडमध्ये रचलेले, टाकीत नुसतं औषधाचं पाणी, आणि दादा दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात घालून ब्रशने स्वतःचे हात घासत होता. पाणी लालसर झालं होतं.

"दादा!"

दादाने मान वर केली नाही. मुकादमाने त्याला मागून कवेत धरून ओढलं तेव्हा तो इतका हलका लागला की दोघंही चिखलात पडले. तेवढ्यात मालकीण आली. सुट्टीच्या दिवशीही ती चक्कर मारायची. तिने एकदा बघितलं आणि फोन काढून नर्सला बोलावलं.

ऑफिसच्या मागे नर्सची खोली होती. एक खाट, एक वजनकाटा, भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. नर्स पस्तिशीची, शांत बाई होती. तिने दादाच्या हातांना मलमपट्टी केली, पाणी पाजलं आणि समोर स्टूल ओढून बसली. मालकीण दाराला टेकून उभी राहिली.

"मला याच्याशी बोलायचंय," नर्स मुकादमाला म्हणाली. "मी विचारते ते त्याला जसंच्या तसं विचारा, आणि तो म्हणेल ते जसंच्या तसं मला सांगा. आपल्याकडचं काही घालू नका."

मुकादमाने मान हलवली.

"झोप लागते का?"

"त्या विचारताहेत, झोप लागते का?"

"नाही, साहेब."

"नाही म्हणतोय."

"कधीपासून?"

"आठवत नाही, साहेब. कलमं मरत होती तेव्हापासून असेल."

"जेवण?"

"जात नाही."

"मनात काय येतं?"

दादाने हातावरच्या पट्टीचं टोक दुमडलं. मग म्हणाला, "असं वाटतं, मी कोणी नव्हतोच कधी. कलमं बांधायचो, घर होतं, ते सगळं दुसऱ्या कुणाचं. कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, टाकीवाला थापा मारतो."

मुकादमाने ते जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज दोनदा फाटला. नर्सने लिहून घेतलं. मग तिने पेन थांबवलं. "त्याला विचारा, इथे त्याचं आपलं माणूस कोणी आहे का?"

मुकादमाने ओठ ओले केले.

"त्या विचारताहेत," तो म्हणाला, "इथे तुझं आपलं माणूस कोणी आहे का?"

दादाने त्याच्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी दोघांची नजर थेट भेटली. दादाच्या नजरेत राग नव्हता की तक्रार नव्हती. त्यात एक समजूत होती, लहान पोराला आपण डोळ्यांनी घालतो तशी, घाबरू नको, तुझं नाव येणार नाही.

"कोणी नाही," दादा म्हणाला. "सांगा त्यांना. इथं माझं कोणी नाही."

नर्स वाट बघत होती. मुकादमाला एकच वाक्य दुसऱ्या भाषेत म्हणायचं होतं. दोन वर्षांत त्याने अशी हजारो वाक्यं इकडची तिकडे केली होती.

"काय म्हणाला?" नर्सने विचारलं. "त्याचं कोणी नसेल तर मी त्याला खोलीवर परत पाठवू शकत नाही. इस्पितळात ठेवावं लागेल, तिथून त्याच्या गावी. एकट्या माणसाला या अवस्थेत सोडता येत नाही."

"मी आहे," मुकादम म्हणाला. "मी त्याचा भाऊ आहे. सख्खा. तो माझा थोरला भाऊ आहे."

त्याला वाटलं होतं, हे बोललं की काहीतरी कोसळेल. काहीच झालं नाही. नर्सने पेन उचललं. दाराशी मालकिणीने एक सुस्कारा सोडला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मुकादम वळला.

"पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तू सगळ्यांवर ओरडतोस. याच्यावर ओरडायच्या आधी तू आजूबाजूला बघून घेतोस. कोणी बघतंय याची खात्री केल्याशिवाय तू याला कधी बोलला नाहीस."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत..." मुकादम म्हणाला. "नियम होता ना."

"नियम त्या आधीच्या चोरासाठी होता. तू पक्का झालास तेव्हा म्हटलं, आता येऊन सांगेल. नाही आलास. म्हटलं, याला याची लाज वाटत असेल. माणसाच्या घरच्या लाजेत आपण कशाला पडायचं?" ती बोलताना चिडली नव्हती, हेच वाईट होतं. "आता वाटतं, पडायला हवं होतं."

दोन वर्षं मुकादम स्वतःला सांगत आला होता, की नियम आहे, पोटाचा प्रश्न आहे, काम जाईल, मग दादाचंही जाईल. पाठीमागे टेकायला तेवढी एक भिंत होती. ती मुळात नव्हतीच. त्याच्या मागे नुसता कारकुनाबरोबरचा चहा होता.

दादा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. भाषा कळत नसली तरी काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं. तो खाटेवरून उठायला लागला. पट्ट्या बांधलेले हात छातीशी धरून तो घाईघाईने म्हणाला, "काय म्हणताहेत मालकीणबाई? तुम्हाला बोलताहेत का? कामाचं काही..."

"नाही रे दादा. तू बस."

दादा त्या हाकेने दचकला. त्याने मालकिणीकडे बघितलं, तिने ऐकलं तर नाही ना म्हणून. मग काय झालं असेल ते त्याच्या ध्यानात आलं. तोंडावर भीती पसरली, स्वतःसाठी नव्हे. तो मुकादमाकडे झुकला आणि खालच्या आवाजात, पण ठाम बोलायला लागला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोठ्या भावाचा झाला.

"ऐक. त्यांना सांग, की दोष माझा आहे. मीच म्हटलं होतं, नातं सांगायचं नाही. धाकट्याच्या हाताखाली काम करायचं म्हणून मला लाज वाटत होती. लोक काय म्हणतील म्हणून मीच तुला शपथ घातली होती. असं सांग. जसंच्या तसं सांग."

"दादा..."

"सांग म्हणतो ना! तुझं काम जाईल. पोरीला नवं घर मिळालंय."

नर्स आणि मालकीण दोघीही मुकादमाकडे बघत होत्या, तो काय सांगतो म्हणून.

"काय म्हणतोय?" नर्सने विचारलं.

मुकादमाने दादाकडे बघितलं. दादा डोळ्यांनी त्याला बोल, बोल, म्हणत होता.

"तो मला वाचवायला खोटं बोलतोय," मुकादम त्या दोघींना म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "मालकीणबाई म्हणाल्या तेच खरं. लाज मला वाटत होती. त्याची. आणि त्या पाण्याची चूक माझी होती, ती ओळखली त्याने. टाळ्या माझ्यासाठी वाजवल्या, त्याही त्यानेच."

नर्सने मान खाली घालून लिहायला घेतलं.

आपलंच म्हणणं पोचलं असं समजून दादाने समाधानाने मान हलवली.